खलपात्र करताना एवढी मजा का येते?

प्रश्न विचारणारी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. हिंजवडीत नोकरी करते, संध्याकाळी कोथरूडमधल्या एका हौशी संस्थेच्या तालमीला जाते. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसत असलेल्या नाटकात तिला थोरल्या जावेचं काम मिळालंय. ही जाऊ नुकत्याच विधवा झालेल्या धाकटीकडून, जेवू घालता घालता, घराच्या हिश्श्यावर सही घेते. मुलगी लिहिते की आजवर सगळी सोशिक मुलींची कामं केली, पण एवढी मजा कधी आली नव्हती. आणि तालमीहून स्कूटरवर घरी जाताना तिला स्वतःचीच भीती वाटते. लोकांना अशी माणसं का आवडतात आणि हे काम करायचं कसं, असं तिनं विचारलंय.

वयानं तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून अगंतुगं करतो. पस्तीस वर्षं हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर काम करतोय. त्यात सावकार, काका, मामा, मठाधिपती, संस्थेचे सचिव अशी माणसं जास्त. नायक दोनदा केला आणि दोन्ही वेळा पडलो.

पहिलं खलपात्र केलं ते अकरावीत असताना, गणपतीत. आमच्या पेठेतल्या मंडळाचा जिवंत देखावा होता, रांझ्याच्या पाटलाचा. रांझे हे भोर तालुक्यातलं गाव. तिथल्या पाटलानं बदअंमल, म्हणजे अनाचार केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडायला लावले. १६४६ सालच्या पत्रात त्या निवाड्याची नोंद आहे. पुण्यातल्या गणपतीत हा विषय कुठल्या ना कुठल्या मंडळाकडे असतोच. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, आम्ही फक्त ओठ हलवायचे. एक खेळ दहा-बारा मिनिटांचा, रात्रीतून पंधरा-सोळा खेळ. महाराजांचं काम करणारा मुलगा उंच, गोरा, देखणा. पण त्यानं सिंहासनावर ताठ बसायचं, मान हलवायची नाही, घामानं टोप घसरला तरी हात वर न्यायचा नाही. माझ्याकडे काय नव्हतं? मिशीला पीळ द्यायचा, मांडीवर थाप मारायची, मोठ्यानं हसायचं, मग पकडला गेल्यावर पळायचं, पाय धरायचे, गडाबडा लोळायचं. स्पिरिट गमनं मिशी चिकटवून वरच्या ओठाची साल निघाली होती, तरी चौथ्या दिवशी मंडळातली निम्मी पोरं 'एक खेळ मला पाटील करू दे' म्हणून मागे लागली. महाराज करू दे असं कुणी म्हटलं नाही. टाळ्या त्याला पडायच्या, मजा मी करायचो.

ती मजा कसली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. नाटकात जे काही घडतं ते खलपात्र घडवतं. बाकीची माणसं झालेल्या गोष्टीला तोंड देत असतात. तुझी थोरली जाऊ पहिल्या अंकात टायफॉइडनं झोपली असती तर तुमच्या नाटकात काय उरलं असतं? धाकटी रडत राहिली असती, सासूबाई जप करत राहिल्या असत्या, दीर पेपर वाचत राहिले असते. तिसरी घंटा झाल्यापासून ज्याला काहीतरी हवं आहे आणि ते मिळवायला जो उठला आहे, असा माणूस बहुतेक वेळा तोच. नटाला हालचाल करायला कारण लागतं, आणि खलपात्राकडे ते पहिल्या वाक्यापासून असतं. आजवर सोशिक मुलींच्या कामात तू हुंदका कुठं द्यायचा हे शोधत होतीस. आता तुला प्रत्येक एन्ट्रीला काम आहे.

दुसरं कारण संकोचाचं. आपण मध्यमवर्गीय घरातली माणसं 'असं बोलू नये' ऐकत मोठी होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला की मनात जे येतं आणि तोंडातून जे निघतं, त्यातलं अंतर मोजायला टेप पुरायची नाही. तू दिवसभर कॉलवर 'नो प्रॉब्लेम, आय अंडरस्टँड' म्हणत असशील. संध्याकाळी दोन तास एका बाईच्या अंगात शिरायचं, जिला नाही म्हणायची भीती नाही, मागायची लाज नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून थापा मारता येतात. हलकं वाटणारच. स्कूटरवर जी भीती वाटते ती या हलकेपणाची आहे, एवढं माझं मत. दुष्टपणा अंगात आला असता तर भीती वाटली नसती.

प्रेक्षकाचंही बरंचसं तेच. तिकीट काढून तो अंधारात बसलाय, त्याच्या नावावर काही लागणार नाही. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं. प्रभाकर पणशीकर एकट्यानं पाच सोंगं करत, रंगमंच फिरता. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे हा ठक आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. त्यानं बायकांना फसवलंय, एक एक साक्षीदार येऊन सांगतोय. तरी प्रेक्षक खुर्चीत पुढं सरकतो तो 'आता हा कसा निसटणार' हे बघायला. ज्याची शिक्षा व्हावी असं मनापासून वाटतं, त्यानंच आणखी एकदा चकवावं असंही वाटतं. या दोन वाटण्यांच्या मध्ये प्रेक्षकाला अडीच तास टांगून ठेवणं हे कसब आहे, आणि कसबाला माणूस दाद देतोच, मग ते खिसेकापूचं का असेना.

ही जुनी भानगड आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची कथा आहे. देवांनी दैत्यांचा पराभव केला, हा त्या प्रयोगाचा विषय. प्रेक्षकांत बसलेले दैत्य चिडले, विघ्नांना हाताशी धरून त्यांनी नटांची वाचा, हालचाल, स्मृती सगळं गोठवून टाकलं. पुढं इंद्रानं जर्जर, म्हणजे आपला ध्वजदंड, उगारून मार दिला, तो भाग सोड. मला आवडतो तो नंतरचा प्रसंग. ब्रह्मदेव दैत्यांना बोलावून विचारतो, बाबांनो, का मोडताय? ते म्हणतात, देवांच्या इच्छेनं तू हा आमचा अपमान मांडलास. देव जसे तुझ्यापासून झाले तसे आम्हीही झालो. आणि ब्रह्मदेव त्यांना उडवून लावत नाही. नाट्य तुमच्या आणि देवांच्या, दोघांच्याही भल्याबुऱ्याचं असतं, असं समजावतो. म्हणजे खलपात्राची पहिली तक्रार पहिल्याच प्रयोगाला आली, आणि ती रास्त ठरली. खलपात्र करणाऱ्यानं तालमीत ही तक्रार घेऊनच बसावं.

आता तुझ्या जावेकडे येऊ. संहिता मी वाचलेली नाही, पण ही बाई मी ओळखतो. आमच्या एका नाटकात मीच तिचा पुरुष अवतार केला होता. काका. वाडा पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहणार, पुतण्याचा हिस्सा अडचणीचा, म्हणून त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. पहिले पंधरा दिवस मी तो काका फार वाईट केला. म्हणजे दुष्ट केला. वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेऊन डोळे बारीक करायचे, पुतण्या पाठमोरा झाला की प्रेक्षकांकडे बघायचं. दिग्दर्शकानं एके दिवशी तालीम थांबवली आणि विचारलं, "काकांना माहितीये का ते वाईट आहेत?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्ही त्यांना का सांगताय?"

त्या रात्री मी वहीत काकाची फिर्याद लिहून काढली. थोरला भाऊ मुंबईला गेला, मजेत राहिला. आईवडिलांचं आजारपण कुणी काढलं? मी. भाडेकरूंशी कोर्टात वीस वर्षं कुणी घातली? मी. पावसाळ्यात कौलं कुणी फिरवली? आता बिल्डर आला तर हा पोरगा मुंबईहून येऊन निम्मं मागणार? लिहिता लिहिता माझाच आवाज चढला. बायको आतून म्हणाली, कुणाशी भांडताय? दुसऱ्या दिवसापासून मला डोळे बारीक करावे लागले नाहीत. काका आपला हक्क परत घेत होता, एवढंच.

तुझ्या जावेची फिर्याद अशीच लिही. सासऱ्यांचं अंथरूण तिनं किती वर्षं काढलं, लग्नात आलेलं किती सोनं मोडलं, धाकटी पहिल्या दिवाळीला आली तेव्हा तिला सगळ्यांनी काय म्हटलं आणि थोरलीला कधीच काय म्हटलं नाही. संहितेत नसेल तर तू घाल. प्रेक्षकाला ते कळायची गरज नाही. तुझ्या मानेत ते दिसतं.

आणि सहीचा प्रसंग. इथं घाई करू नकोस, सगळं नाटक त्या पाच मिनिटांवर उभं आहे. आमच्या नाटकात मी पुतण्याला पेन द्यायचो. खिशातून काढायचं, टोपण उघडायचं, पेन त्याच्या हातात आणि टोपण माझ्या हातात. तो सही करेपर्यंत मी त्याच्याकडे बघायचोच नाही, टोपणाकडे बघायचो. सही झाली की पेन परत घ्यायचं, टोपण लावायचं. टक्. मग खिशात अडकवायचं आणि म्हणायचं, "जेवायलाच थांब आता." भरत नाट्य मंदिरच्या शेवटच्या रांगेत तो टक् ऐकू जायचा. त्या आवाजावर प्रेक्षागृहातून एक बारीक 'च्' यायचा, रोज. ओरडून बोललेल्या कुठल्याही वाक्याला मला तसा आवाज मिळाला नाही.

तुझ्याकडे ताट आहे. वाढ तिला. पोळीवर तूप घाल, 'अर्धी तरी घे' म्हण, आणि मनापासून म्हण, कारण तिनं उपाशी राहावं असं या बाईला खरंच वाटत नाही. कागदाला हात लावायच्या आधी पदराला हात पूस. तुपाचा डाग कागदावर पडू नये एवढी काळजी घेणारी बाई बघितली की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येईल. आवाजात साखर घोळू नकोस. गोड बोलणारी माणसं गोड आवाज काढत नाहीत, ती फक्त तुम्हाला दुसरं काही बोलायला जागा ठेवत नाहीत.

काकाच्या प्रयोगानंतर एक गृहस्थ आत आले. साठीचे, चेहरा सज्जन. काम छान झालं म्हणाले, मग जरा जवळ सरकून विचारलं, "हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं ना? तुम्ही नाटकात नुसती सही घेतलीत." स्थावर मालमत्तेचं करावं लागतं, मी म्हटलं, नाटकात तेवढं दाखवलं नाही. "म्हणजे पुतण्याला ऑफिसात न्यावं लागणार," असं स्वतःशीच पुटपुटत ते गेले. मी तोंडाला खोबरेल तेल लावून तसाच आरशासमोर बसून राहिलो. प्रेक्षकाला खलनायक का आवडतो याची कारणं मी वर दिली, पण काहींना तो का आवडतो हे त्या दिवशी कळलं, आणि ते फारसं गंमतीचं नव्हतं.

निळू फुल्यांबद्दल दोन शब्द, कारण हौशी नट अजून त्यांची नक्कल करतात आणि चुकीची करतात. मिमिक्रीत घोगरा आवाज आणि लाळघोटी नजर येते. मूळ माणूस पडद्यावर किती कमी करत असे ते बघ. 'सामना'मधला हिंदुराव बघ. मान किंचित कलती, वाक्य रेंगाळतं, शरीर सैल. ज्याची सत्ता आहे त्याला अंग ताठ करायची गरज पडत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पुण्याचा माणूस, वानवडीच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात वाढलेला, पडद्याबाहेर मवाळ आणि सामाजिक कामात रमणारा. तुझ्या स्कूटरवरच्या भीतीला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

डोळ्याचंही सांगतो. 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि १९३४ मध्ये 'अमृतमंथन' केला. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती ही जागा. त्यात राजगुरू या खलपात्राच्या डोळ्याचा मोठ्ठा क्लोज-अप आहे. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. पडदाभर एकच डोळा. रंगमंचावर कॅमेरा नसतो, तिथं क्लोज-अप आपला आपण तयार करावा लागतो. बाकीचे हलत असताना तू थांब. एवढंच. चार माणसं ये-जा करताहेत आणि एक बाई ओट्यापाशी हात पुसत उभी आहे, तर सातशे डोळे तिच्याकडे जातात. नवीन नट नेमकं उलटं करतो. खलनायक मिळाला की त्याचे हात, भुवया, नाकपुड्या सगळ्यांना काम मिळतं.

बायकांच्या खलपात्रांत आणखी एक खोच असते, ती तुझ्या दिग्दर्शकाशी बोल. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईनं केलं, ही गोष्ट पुण्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. ती दंतकथा आहे, पण अडीचशे वर्षं टिकली, कारण नाट्य जबरदस्त आहे. एका अक्षराएवढा गुन्हा. फक्त त्या अक्षराच्या आड राघोबादादा किती आरामात लपतात बघ. पेशवाई हवी होती कुणाला? म्हणून मी विचारतो, तुमच्या नाटकात सही चालू असताना थोरलीचा नवरा कुठं असतो? बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असेल तर त्याला तिथून उठवू नका, पण त्याचा पेपर दिसू द्या. सहीच्या वेळी पान उलटल्याचा आवाज यावा. नाहीतर जाऊ म्हणजे एक डायन एवढंच होईल, आणि डायन करायला तुला सहा आठवड्यांच्या तालमीची गरज नाही.

'घाशीराम कोतवाल' मध्ये हे फार धारदार आहे. १६ डिसेंबर १९७२ ला भरतमध्ये पहिला प्रयोग झाला; मोहन आगाशे नाना, रमेश टिळेकर घाशीराम, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. घाशीराम पोटच्या पोरीचा सौदा करतो, शहरावर सूड उगवतो आणि शेवटी शहर त्याला मारतं. नाना शाबूत राहतो. खलनायक कोण, हे विचारत प्रेक्षक घरी जातो. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनं, प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननं, ते थांबवलं, मग त्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली. आम्ही पुढच्या पिढीचे, पण तालमीच्या कट्ट्यावर 'नाना की घाशीराम' हा वाद आमच्यातही वर्षानुवर्षं चालला. मी नानाच्या बाजूचा. घाशीरामाला कारण आहे, नानाला गरजही वाटत नाही.

मजेचा धोका कुठं आहे तेही सांगतो. टाळी. खलपात्राला टाळी लवकर मिळते, आणि एकदा मिळाली की उद्या ती परत हवी असते. मग वाक्याआधी एक पॉज येतो, दोन दिवसांनी तो लांबतो, मग नट वाक्य संपवून टाळीसाठी थांबायला लागतो. धाकटीचं दुःख तिथंच विझतं. स्पर्धेत असं झालेलं बघितलंय. अभिनयाचं रौप्यपदक खलनायकाला, आणि नाटक प्राथमिक फेरीतच बाद. परतीच्या टेम्पोत त्या पदकाकडे कुणी बघत नाही.

दुसरा धोका समोरच्या नटाचा. इथं माझी चूक सांगतो. तिशीत होतो. सावकाराचं काम, कर्जदाराच्या बायकोचं मनगट धरून तिला ओढायचं. तालमीत ठरलं होतं तेवढंच धरायचं. प्रयोगात रंगलो. बांगड्या काचेच्या होत्या. तिनं उरलेला प्रसंग मूठ पदरात झाकून केला. विंगेत आल्यावर बघितलं तर मनगटाला दोन चिरा. ती काही बोलली नाही. मला तेव्हा अभिमान वाटला होता की प्रसंग किती खरा झाला, आणि त्या अभिमानाची लाज आजही वाटते.

तेव्हापासून नियम असा की झटापटीचा लगाम मार खाणाऱ्याच्या हातात. केस ओढायचे असतील तर ओढणाऱ्यानं मूठ मिटून नुसती डोक्यावर टेकवायची. मार खाणारी दोन्ही हातांनी त्याचं मनगट डोक्याशी दाबून धरते आणि तीच हलते, तीच किंचाळते. प्रेक्षकाला ओढल्यासारखं दिसतं. गळा धरायचा तर हात गळ्याच्या खाली, हाडांवर. थप्पड लागतच नाही, आवाज मार खाणारा स्वतःच्या टाळीनं काढतो आणि तोंड फिरवतो. प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेआधी हे सगळं एकदा संथपणे करून बघायचं. तुमच्या नाटकात थोरली धाकटीचा हात धरून सहीच्या जागी नेत असेल, तर तिथंही हेच. हात ती नेईल, तू नुसता ठेव.

घरी जातानाच्या भीतीवर एक साधा उपाय. भूमिकेची एक वस्तू ठरव आणि ती थिएटरबाहेर नेऊ नकोस. माझं काकाचं पेन कपडेपटाच्या पेटीतच राहायचं. चपला बदल. मेकअप उतरवताना धाकटी करणाऱ्या मुलीशी तिच्या खऱ्या नावानं बोल, जमलं तर दोघी एकत्र चहा घ्या. खलपात्र करणाऱ्यानं प्रयोगानंतर एकट्यानं बसू नये, असं आमचे जुने मेकअपमन म्हणायचे. आणि थोरलीचा आवाज घरच्यांशी बोलताना निघायला लागला आहे असं आईनं सांगितलं, तर चेष्टेवारी नेऊ नकोस. दोन दिवस तालीम थांबव किंवा दिग्दर्शकाशी बोल. पण नुसती मजा येते म्हणून थांबू नकोस.

सही पेननं होणार असेल तर टोपणाचंच पेन घे. बटणाचं नको. आणि टोपण घट्ट बसणारं बघ. सैल टोपण ऐन वेळी वाजत नाही, हे मला चौथ्या प्रयोगाला कळलं.